बालमनाची जोपासना

बालकाचे वजन काट्यावर मोजता येते. त्याची नजर, कान आणि मन यांची वाढ मात्र काट्यावर दिसत नाही. ती जाणीवपूर्वक पाहावी लागते.

अर्भकाला गर्भात असतानाच ऐकू येऊ लागते. म्हणूनच जन्मल्यावर ते मातेचा आवाज ओळखते. नवजात बालकाला वीतभर अंतरावरचेच, म्हणजे पाजणाऱ्या मातेच्या चेहऱ्याएवढेच, बऱ्यापैकी दिसते. सुमारे दीड महिन्याचे झाल्यावर ते माणसाकडे पाहून हसते. सात-आठ महिन्यांचे मूल परक्यास पाहून रडू लागते. तो हट्ट नव्हे. आपले कोण हे कळू लागल्याची ती खूण आहे. पदराआड लपून केलेल्या ‘बुवाऽ कुक’मधून, दिसेनासे झालेले माणूस नाहीसे होत नाही, हे त्याला उमगते.

ही वाढ प्रतिसादावर पोसते. बाळ हुंकारले की कोणी बोलावे, रडले की जवळ घ्यावे. जुन्नर तालुक्यातील राजुरीसारख्या शेतीप्रधान गावात हंगामात माता शेतावर जाते. अशा वेळी आजी-आजोबांचे बोलणे, अंगाई आणि मांडीवरचा खेळ हेच बालकाचे पहिले शिक्षण ठरते.

त्यासाठी खर्चिक साधने लागत नाहीत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. १९५७ साली ते कोसबाडला गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. बिया, शिंपले, खडे, पाने यांतून मुलांनी रंग, आकार व स्पर्श ओळखले. मोठ्या वस्तू तान्ह्यांसाठीही उपयोगी पडतात. बारीक वस्तू मात्र घशात अडकण्याचा धोका असल्याने त्यांच्यापासून दूर ठेवाव्यात.

तीन महिन्यांचे मूल चेहऱ्याकडे पाहून हसत नसेल, अथवा सहा महिन्यांचे मूल आवाजाकडे वळत नसेल, तर ‘पुढे होईल सुधारणा’ म्हणून थांबू नये. भाषा कानी पडली नाही, तर बोलणेही खुंटते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येऊन अशी तपासणी करतात.

अंगणवाडीत शांत, हवेशीर खोली आणि हाताळण्याजोगी खेळणी आहेत ना, हे ग्रामपंचायत सदस्यांनी पाहावे. वजनाच्या नोंदीबरोबर ‘मूल ऐकते का, हसते का’ ही विचारणाही व्हावी. वेळीच विचारलेला हा प्रश्न एखाद्या बालकाला वाणी मिळवून देऊ शकेल.