आधी प्रश्न, मग प्रक्षेपण!

समजा, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही वऱ्हाडातली यादवकालीन देवळं नकाशावर मांडायला घेतली. पहिला ठिपका बार्शीटाकळीच्या कालिकादेवी मंदिराचा. तिथला शिलालेख शके १०९८ चा. दुसरा लोणारच्या दैत्यसूदनाचा. आता दोन्हींमधलं अंतर मोजा बरं!

सरळ रेषेत ते साधारण ८८ किलोमीटर आहे. पण ऑनलाइन नकाशे बहुतेक वेब मर्केटर प्रक्षेपणावर असतात. त्यावर सपाट कागदासारखं मोजलं, तर ९४ भरतं. देवळं तर जागची हलली नाहीत, मग हे सहा किलोमीटर आले कुठून? गोल पृथ्वी सपाट केली की ताण पडणारच. मर्केटर दिशा जपतो, पण विषुववृत्तापासून दूर जाल तसं सगळं फुगवतो. आपल्याकडे लांबी जवळपास ७ टक्के वाढते. मंदिराभोवती १० किलोमीटरचं वर्तुळ काढून तुम्ही गावं मोजली, तर प्रत्यक्षात ते वर्तुळ साडेनऊचंही नसतं. कडेची गावं उगाच गळतात आणि निष्कर्षच चुकतो.

मग निवडायचं काय? आधी स्वतःला विचारा, नकाशाकडून मला काय हवंय?

एक-दोन जिल्ह्यांतली अंतरं हवीत, तर यूटीएमचा झोन ४३ घ्या. बार्शीटाकळी ७७ रेखांशाजवळ आहे. तिथे १०० किलोमीटरमागे चूक जेमतेम २० मीटरची. पण हा झोन ७८ रेखांशाला संपतो. वाकाटकांच्या दोन शाखा घ्या: वत्सगुल्म म्हणजे वाशीम झोन ४३ मध्ये, तर नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन झोन ४४ मध्ये! अशा वेळी दोन्ही प्रदेशांना पुरेल असं लॅम्बर्टचं शंकू प्रक्षेपण बरं. कुठल्या भागात देवळं दाट आहेत हे दाखवायचं असेल, तर समक्षेत्र प्रक्षेपण. एकाच गावापासूनची अंतरं हवीत, तर त्या गावाला मध्यभागी ठेवणारं समांतर-अंतराचं प्रक्षेपण. क्यूजीआयएस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं जमतं.

आता तुम्ही म्हणाल, काहून एवढी भानगड? थांबा, अजून एक आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या १८३० च्या मापांवर बेतलेले आहेत, तर मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो. दोन्ही न जुळवता एकावर एक ठेवले, तर ठिपका शंभर मीटरपेक्षा जास्त सरकतो. गावातलं देऊळ थेट शेतात! ज्या महासर्वेक्षणातून ही मापं आली, त्याची सुरुवात करणारे लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला वारले.

म्हणून प्रोजेक्ट सबमिट करण्याआधी नकाशाखाली एक ओळ नक्की लिहा: प्रक्षेपण कोणतं, डेटम कोणता. तुमचा नकाशा पुढच्या बॅचला वापरता येईल की नाही, हे त्या ओळीवरच ठरतं.