तळ्याच्या वाटेवरचं पाणी

केप कॉडवरच्या निरीक्षण विहिरीला आपल्याकडे कुणी विहीर म्हणणार नाही. जमिनीत उतरवलेला दोन इंची प्लास्टिकचा पाइप, खालच्या टोकाला बारीक चिरांची जाळी आणि वर कुलूपबंद लोखंडी झाकण, एवढाच तिचा पसारा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या या वाळूच्या द्वीपकल्पावर भूजलाची विद्यार्थिनी म्हणून मी नमुने घ्यायला शिकले, ते अशाच विहिरींवर.

झाकण उघडलं की आधी पातळी मोजायची. फितीचं टोक पाण्याला टेकलं की वरचं रीळ वाजतं आणि आकडा फुटाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहायचा. एवढी बारकाई लागते, कारण आजूबाजूच्या विहिरींच्या पातळीतल्या किरकोळ फरकावरूनच पाणी कोणत्या दिशेला चाललंय ते ठरतं. मग पंप सोडून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास, इतक्या सावकाश उपसा करायचा. पाइपात उभं असलेलं पाणी शिळं. आपल्याला हवं ते वाळूतून आत्ता येणारं. दर पाच मिनिटांनी तापमान, सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा टिपायचा. सलग तीन नोंदी जवळपास सारख्या येईपर्यंत कुपीला हात लावायचा नाही.

कुपी काचेची, चाळीस मिलिलिटरची. आत आम्लाचे थेंब आधीच घातलेले असतात, म्हणजे जिवाणू नमुन्यात फेरफार करत नाहीत. पाणी कडेवरून, फेस न होऊ देता सोडायचं. काठोकाठ भरली की आणखी एक-दोन थेंब, तोंडावर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत. मग झाकण घट्ट लावून कुपी उलटी करायची आणि बोटानं टिचकी मारायची. बुडबुडा वर आला तर ती कुपी बाद, कारण आपण ज्याच्या शोधात आहोत ते पाण्यातून हवेत निसटतं. भरलेल्या कुप्या बर्फात जातात. त्यांच्याशेजारी शुद्ध पाण्याची एक सीलबंद कुपी असते. ती प्रयोगशाळेतून येते, दिवसभर आमच्याबरोबर फिरते आणि न उघडता परत जाते. तिच्यात काही सापडलं, तर बाकीच्या नमुन्यांवरही संशय घ्यावा लागतो.

हा शोध ट्रायक्लोरोइथिलीनचा. यंत्रांच्या सुट्या भागांवरचं तेल-ग्रीस उतरवायला हे द्रावक जगभर वापरलं गेलं. माणसाला त्यामुळे कर्करोग होतो, हे आता मान्य झालं आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा आहे लिटरला पाच मायक्रोग्रॅम. एक लिटर द्रावकाचं वजन जवळपास दीड किलो भरतं. हिशेब केला तर तेवढं एक लिटर सुमारे २९ कोटी लिटर पाणी या मर्यादेपर्यंत न्यायला पुरेसं आहे. दहा हजार लिटरचे २९ हजार टँकर! आणि त्यातला कुठलाही टँकर पाहून काही कळणार नाही. पाणी नितळच दिसेल.

केप कॉडवरच्या लष्करी तळावर १९३६ पासून १९९५ पर्यंत सांडपाणी वाळूच्या वाफ्यांत सोडून जमिनीत मुरवलं जात होतं. विमानांच्या देखभालीतली द्रावकं आणि सांडलेलं इंधन निरनिराळ्या जागी जिरत गेलं. १९७९ मध्ये शेजारच्या फाल्मथ गावाला पिण्याच्या पाण्याची एक विहीर बंद करावी लागली. १९८९ मध्ये हा तळ सुपरफंडच्या, म्हणजे देशातल्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत गेला.

हे पाणी चालतं किती वेगानं? अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं १९८५ मध्ये तिथल्याच एका वाळूच्या खाणीत ब्रोमाइड सोडून त्याचा माग काढला. वेग निघाला दिवसाला सरासरी ०.४२ मीटर, म्हणजे एक किलोमीटरला साडेसहा वर्षं. द्रावक वाळूच्या कणांना थोडंफार चिकटत जातं, म्हणून त्याला आणखी वेळ लागतो. शिवाय वरून पाऊस मुरत राहतो आणि दूषित पाण्याचा पट्टा खोल दाबला जातो. त्यामुळे उथळ विहिरीत स्वच्छ पाणी लागतं आणि विष तिच्या खालून निघून जातं.

त्याच्या वाटेवर तळी आहेत. हिमयुगाच्या शेवटी वाळूत गाडले गेलेले बर्फाचे प्रचंड तुकडे वितळले आणि खळगे उरले, ती ही तळी. त्यांतल्या बऱ्याच तळ्यांना ओढा येऊन मिळत नाही. एका काठानं भूजल आत येतं, दुसऱ्या काठानं पुन्हा जमिनीत शिरतं. खोल गेलेला पट्टा तळ्याजवळ आला की वर वळतो आणि तळाच्या वाळूतून पाझरतो. पण उघड्या पाण्यात द्रावक विरळ होतं, हवेत उडतं, म्हणून तळ्याच्या पृष्ठभागावरचा नमुना पुरेसा नाही.

लष्करी तळावरच्या एका पावसाळी गटाराच्या भागातून निघालेला असाच पट्टा जॉन्स पाँड नावाच्या तळ्याकडे आला होता. १९९८ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कामासाठी पाणबुड्यांनी १३४ नमुनापात्रं तळाच्या गाळावाळूत अर्धा फूट खोल पुरली. युक्ती साधी होती. पात्रात नुसती हवा, तोंडावर पॉलिथिनचं आवरण. पॉलिथिनमधून पाणी आत शिरत नाही, द्रावकाची वाफ मात्र शिरते. दोनेक आठवड्यांनी पात्रं काढून तपासली, तेव्हा पट्टा काठापासून शंभर ते साडेतीनशे फुटांवर तळ्यात उतरतोय हे नकाशावर आखता आलं.

दूषित पाणी उपसायचं, सक्रिय कोळशातून गाळायचं आणि जमिनीत परत सोडायचं, हे काम तिथं १९९० च्या दशकापासून चालू आहे. उपाय कुठं करायचा, पंप कुठं बसवायचा, तो बंद करण्याची वेळ आली का, हे सगळं त्या चाळीस मिलिलिटरच्या कुप्यांवर ठरतं.

आपल्याकडे, दख्खनच्या काळ्या पाषाणात, हे काम जास्त अवघड आहे. वाळूत पाणी एका दिशेनं, अंदाज बांधता येईल असं सरकतं. बेसॉल्टमध्ये ते भेगांतून जातं. एका बोअरला लागतं, पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या बोअरला नाही. म्हणूनच औद्योगिक वसाहत आणि गावतळं यांच्या मधल्या पट्ट्यात निरीक्षण विहिरी जास्त हव्यात, वेगवेगळ्या खोलीच्या हव्यात, आणि त्या तक्रार येण्याआधी खणलेल्या हव्यात. तळ्यात दोष दिसायची वाट पाहणं म्हणजे कित्येक वर्षं उशिरा जागं होणं. नमुने वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच शिस्तीनं घेतले पाहिजेत आणि त्यांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. जे पाणी आपण पितो, त्यात काय आहे हे जाणून घेण्याचा पहिला हक्क पिणाऱ्याचा आहे.