जाड भिंतीचा भरवसा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून माणसे नुकतीच निजली असता, किल्लारी परिसरात जो भूकंप झाला, त्याची तीव्रता सहाच्या थोडीच वर असूनही गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. आणि ज्या भिंतींच्या जाडीवर पिढ्यान्‌पिढ्या लोक निर्धास्त राहिले, त्याच भिंती त्यांचा काळ ठरल्या. दोन-अडीच फूट जाडीची ती भिंत बाहेरून एकसंध दिसे. वस्तुतः आतला व बाहेरचा असे ते दगडांचे दोन स्वतंत्र पदर होते, मध्ये मातीचा व चिपांचा भराव, आणि माथ्यावर माळवदाच्या मातीचे ओझे. धरणीकंपाचे बळ इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, हा नियम ध्यानी घेतला म्हणजे माळवद उन्हापासून जितके रक्षण करते तितकेच धक्क्याच्या वेळी घातक का ठरते, हे उमगते. काही घरांत मात्र भिंती ढासळूनही लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या, कारण त्या एकमेकींस सांध्यांनी बांधलेल्या होत्या.

दगडाचे घर बांधू इच्छिणाऱ्याने भिंतीची जाडी वाढविण्याऐवजी ती दीड फुटाच्या आत ठेवून दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड घालावेत. भारतीय मानकानुसार असा दगड उंचीत दर 60 सेंटिमीटरला व लांबीत 1.2 मीटरहून अधिक अंतर न सोडता यावा. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना कवेत घेणारा, कोपऱ्यांत कोठेही न तुटणारा काँक्रीटचा सलग पट्टा घालणेही तितकेच अगत्याचे. त्याचा खर्च एकूण इमल्याच्या मानाने किरकोळ असतो. तरीही मालक दर्शनी खांबावरील नक्षीसाठी हात सैल सोडतो आणि पट्ट्याच्या सळईपाशी मात्र हिशेब करू लागतो, हा आपल्या समाजाचा जुना स्वभाव आहे.

आरसीसीचे घर म्हणजे आपोआप सुरक्षित घर, अशी समजूत 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपाने पार खोटी ठरविली. भूजपासून कितीतरी दूर असलेल्या अहमदाबादेत तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेल्या कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा ताठरपणा लाभला होता, खालचे कॉलम मात्र एकटे पडले होते. म्हणून वास्तुविशारदाने नकाशा मंजुरीस धाडण्यापूर्वीच संरचना अभियंत्याला बोलवावे; मंजूर नकाशावर मागाहून कॉलम बसविण्याची तजवीज करणे म्हणजे अंगरखा शिवून झाल्यावर माप घेणे होय.

कामावर खातरजमा करण्याजोग्या गोष्टी साध्याच असतात. कॉलमच्या रिंगांची टोके काटकोनात न सोडता 135 अंशांत आत वळविलेली असावीत, अन्यथा बाहेरचे काँक्रीट फुटताच रिंग उकलते व उभ्या सळया मोकळ्या होतात. सळई साच्याला टेकू नये म्हणून कव्हर ब्लॉक लावावेत. कॉलमला 40 मिलिमीटरचे आवरण हवे. पाण्याच्या बाबतीत तर विशेष कडक राहावे: सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्यास 25 लिटरांच्या आसपास पाणी पुरे, आणि त्यात ओल्या वाळूतले पाणीही धरलेले असते. काँक्रीट घट्ट वाटले की गवंडी सहजच आणखी एक डबा ओततो. त्याने हाताचे कष्ट वाचतात, पण तेच जादा पाणी पुढे उडून जाऊन काँक्रीटमध्ये सूक्ष्म छिद्रे ठेवते, आणि कोकणासारख्या खाऱ्या हवेच्या प्रदेशात सळईला गंज चढतो तो त्याच वाटेने.