लग्नाचा परवाना आणि कारखान्याचे फाटक

भिन्न वंशांच्या स्त्री-पुरुषांच्या विवाहाचा विषय निघाला की वक्ते बहुधा अंतःकरणाच्या विशालतेवर बोलतात. अंतःकरणे विशाल असावीत, माझी हरकत नाही. परंतु माणसे एकमेकांना भेटतात कोठे, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा इतिहास पाहिला तर त्याचे उत्तर पुष्कळदा एकच येते : कामावर.

गोऱ्यांनी निग्रोंशी लग्न करू नये असा कायदा या राज्यात १८५० पासून होता. पुढे चिनी मजुरांविरुद्ध ओरड झाली, तेव्हा त्यात 'मंगोलियन' हा शब्द वाढला. मग शेतांवर फिलिपिनो मजूर आले. जानेवारी १९३० मध्ये वॉट्सनव्हिल येथे गोऱ्या जमावांनी त्यांच्यावर हल्ले केले, आणि फर्मिन तोबेरा हा तरुण शेतमजूर गोळी लागून मेला. निमित्त काय, तर हे लोक नाचघरात गोऱ्या मुलींबरोबर नाचतात! खाली मजुरीचे भांडण धुमसत होते, ते कोणी बोलत नव्हते. १९३३ मध्ये एका फिलिपिनोने, आपण मंगोलियन नव्हे, मलय आहोत, असे न्यायालयाकडून मान्य करून घेतले व लग्नाची वाट मोकळी केली. त्याच वर्षी विधिमंडळाने कायद्यात 'मलय' हा शब्द घालून ती वाट बुजविली.

आपल्याकडून गेलेल्या पंजाबी शेतकऱ्यांचे नाव मात्र त्या यादीत नव्हते. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून बायका नेणे जवळजवळ अशक्य झाले, तेव्हा इंपीरियल व्हॅलीतील अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले. परवाना द्यायचा की नाही, हे खिडकीवरचा कारकून कातडीचा रंग पाहून ठरवी. दोघेही सारखेच सावळे दिसले की काम होई.

आता कारखान्याकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांचे कारखाने धडाडून चालू लागले, पण कृष्णवर्णीयांना त्यांत बहुधा झाडूवाल्याचेच काम मिळे. रेल्वेच्या शयनडब्यांतील हमालांच्या युनियनचे अध्यक्ष फिलिप रँडॉल्फ यांनी १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची घोषणा केली. तो निघण्यापूर्वीच, २५ जून रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण-उद्योगांत वर्णभेद करू नये असा हुकूम काढला. न निघालेल्या मोर्च्याने एवढे काम केल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आंद्रेआ पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस यांची ओळख झाली ती लॉस एंजेलिस भागातील विमानाच्या अशाच एका कारखान्यात. ती मेक्सिकन वंशाची. कायद्याच्या हिशेबी मेक्सिकन 'गोरे'. तो कृष्णवर्णीय. परवाना नाकारला गेला. दोघेही कॅथलिक होते, म्हणून त्यांचे वकील डॅन मार्शल यांनी मुद्दा काढला की, चर्च ज्या लग्नाला हरकत घेत नाही त्याला सरकारने आडवे येणे हा धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे.

न्यायमूर्ती ट्रेनर यांचा रोख मात्र दुसरीकडे होता. विवाह करणे म्हणजे आपल्या निवडीच्या व्यक्तीशी करणे. त्या जागी त्याच वंशाची दुसरी व्यक्ती चालत नाही. शिवाय, निग्रो म्हणजे कोण? आजा काळा, बाकी गोरे, तर कारकुनाने काय लिहायचे? सरकारी वकिलांना याचे धड उत्तर देता आले नाही. १ ऑक्टोबर १९४८ रोजी चार विरुद्ध तीन अशा मतांनी तो कायदा पडला. एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर हे दोघे खिडकीबाहेरच उभे राहिले असते.

खिडकी आपल्याकडेही आहे. १९५४ चा विशेष विवाह कायदा कोणाचा धर्म वा जात आड येऊ देत नाही. पण ३० दिवसांची नोटीस निबंधकाच्या कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावतो. पळून आलेल्या जोडप्याला ते ३० दिवस कसे जातात, हे मी येथे सांगायला नको.

उरलेल्या अमेरिकेला आणखी १९ वर्षे लागली. व्हर्जिनियातील गवंडी रिचर्ड लव्हिंग आणि त्याची पत्नी मिल्ड्रेड यांना १९५८ मध्ये रात्री घरात शिरून पकडले होते. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि १६ राज्यांतील असे कायदे रद्द झाले. अलाबामाच्या संविधानातील मेलेले कलम मात्र तसेच राहिले होते. ते काढावे काय, असा कौल २००० मध्ये मतदारांना विचारला. कलम गेले, पण दर पाचांतील सुमारे दोघांनी ते ठेवा असे मत दिले होते.