गोत्र वेगळे, आजी-आजोबा एकच

परभणी जिल्ह्यातला पालम तालुका असो की मराठवाड्यातला दुसरा कोणताही, मुलगा लग्नाचा झाला की स्थळांच्या चर्चेत मामाच्या मुलीचे नाव अनेकदा आधी निघते. घर माहितीतले असते, माणसे पारखलेली असतात, देण्याघेण्यावरून ताणाताणी कमी होते. चुलत बहीण मात्र बहीणच; तिच्याशी लग्नाचा विचारही बहुतेक घरांत कोणी करत नाही. मावसबहिणीचेही तेच. मामाच्या मुलीचे कूळ वेगळे, देवक वेगळे, गोत्र वेगळे, म्हणून ते नाते चालते, असा हा हिशेब. काही घरांत मामा-भाचीचेही लग्न लागते.

हा हिशेब जुना आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. उत्तरेत जवळच्या नात्यातले लग्न वर्ज्य, दक्षिणेत ते पसंतीचे आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवरचा. इथे मामाची मुलगी चालते, आत्याच्या मुलीला मात्र तितकी मान्यता नाही. पण समाजाने मांडलेला हा हिशेब आणि शरीराचा हिशेब यांत मोठी तफावत आहे. ती समजण्यासाठी स्त्रीबीज आणि शुक्राणू कसे तयार होतात, हे पाहावे लागते.

निम्मे आईचे, निम्मे वडिलांचे

माणसाच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. त्यांच्या २३ जोड्या असतात. जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आलेले, दुसरे वडिलांकडून. त्वचेची किंवा हाडाची पेशी विभागते तेव्हा नव्या पेशींतही ४६ गुणसूत्रे येतात. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना मात्र प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र पुढे जाते. संख्या निम्मी, म्हणजे २३ होते. दहावीच्या पुस्तकातले ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ ते हेच. आईचे २३ आणि वडिलांचे २३ एकत्र आले की बाळाची ४६ गुणसूत्रे पूर्ण होतात.

जोडीतले कोणते गुणसूत्र पुढे जायचे, हे प्रत्येक जोडीपुरते स्वतंत्रपणे ठरते. त्यामुळे एकाच माणसाकडून ८३ लाख ८८ हजार ६०८ वेगवेगळे संच तयार होऊ शकतात. शिवाय विभाजनाआधी जोडीतली दोन्ही गुणसूत्रे एकमेकांना बिलगतात आणि आपल्या तुकड्यांची अदलाबदल करतात. म्हणून सख्खी भावंडेही एकसारखी नसतात. ग्रेगर मेंडेलने १८६५ मध्ये वाटाण्याच्या प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम मांडले, तेव्हा त्याला गुणसूत्रे ठाऊक नव्हती. पुढे १९०२-०३ मध्ये वॉल्टर सटन या अमेरिकी संशोधकाने नाकतोड्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या वेगळ्या होताना पाहिल्या आणि मेंडेलचे नियम याच वाटणीतून येतात, हे दाखवून दिले.

या वाटणीत गोत्राला जागा नाही. वडिलांकडून मुलाकडे पिढ्यान्‌पिढ्या जवळपास न बदलता जाणारे गुणसूत्र एकच, ते म्हणजे ‘वाय’. गोत्राची वाट फार तर त्या एका गुणसूत्राशी जुळते. उरलेल्या ४५ गुणसूत्रांना कूळ, देवक, गोत्र काही कळत नाही. आई आणि मामा ही सख्खी भावंडे. त्यांची जनुके सरासरी निम्मी समान असतात. पुढच्या पिढीत, म्हणजे भाचा आणि मामाची मुलगी यांच्यात, हा वाटा एक अष्टमांश राहतो. चुलत आणि मावस भावंडांमध्येही तो नेमका एक अष्टमांशच असतो. समाज एका नात्याला बहीण म्हणतो आणि दुसऱ्याला स्थळ. जनुकांच्या लेखी दोन्ही सारखीच. मामा-भाचीमध्ये तर हा वाटा एक चतुर्थांश असतो.

लपलेला दोष

समान जनुके असण्याने आपोआप आजार होत नाही. प्रश्न येतो तो अप्रभावी जनुकांचा. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे साधारणपणे दोन प्रती असतात. एक सदोष असली तरी दुसरी निरोगी प्रत काम भागवते. असा माणूस ‘वाहक’ असतो, पण आजारी नसतो. दोष कित्येक पिढ्या असाच लपून राहतो. अशा काही सदोष प्रती जवळपास प्रत्येकाकडे असतात. नवरा-बायको दोघेही एकाच दोषाचे वाहक असले, तरच बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता निर्माण होते; ती दर गरोदरपणात चारात एक असते.

समजा, मुलाच्या आजोळच्या आजीकडे अशी एक सदोष प्रत आहे. ती आईकडे येण्याची शक्यता निम्मी, आईकडून मुलाकडे येण्याची पुन्हा निम्मी, म्हणजे चारात एक. त्याच आजीकडून मामामार्फत मामाच्या मुलीकडे प्रत येण्याची शक्यताही चारात एक. दोघेही वाहक असण्याची शक्यता १६ मध्ये एक आणि बाळाला आजार होण्याची ६४ मध्ये एक. मुलाचे लग्न नात्याबाहेर झाले आणि तो दोष समाजात शंभरात एकाकडे असला, तर हीच शक्यता १६०० मध्ये एकावर येते. फरक पंचवीस पटींचा आहे.

१९०२ मध्येच लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी लघवी काळी पडणाऱ्या एका दुर्मीळ आजाराच्या रुग्णांमध्ये अनेकांचे आईवडील सख्खी चुलत, आते-मामे किंवा मावस भावंडे असल्याचे नोंदवले होते. अलीकडे इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात ११ हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, अशा भावंडांच्या विवाहात बाळात जन्मजात दोष असण्याचे प्रमाण सुमारे तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे धोका दुप्पट होतो. तरीही शंभरातली ९० हून अधिक बाळे अशा दोषाविना जन्मतात. पिढ्यान्‌पिढ्या त्याच दोन घरांत सोयरीक होत राहिली, तर मात्र समान वाटा वाढत जातो आणि वरचे गणित अपुरे पडते.

सुनेला बोल कशाला?

थॅलेसेमिया, सिकलसेल, जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार, चयापचयाचे अनेक आजार याच वाटेने येतात. असे मूल जन्मले की बोल बहुधा सुनेला लागतो. अप्रभावी आजारात एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असते, हे घरातल्या थोरांनी लक्षात घ्यायला हवे. ‘आमच्या घराण्यात कुणालाच नव्हते’ हा दाखलाही कामाचा नाही, कारण वाहक आजारी नसतात. आणि ‘एकाला झाले, आता पुढची तीन सुरक्षित’ हा समज घातक आहे. प्रत्येक गरोदरपणात वाटणी नव्याने होते. चारात एक हा धोका प्रत्येक वेळी तेवढाच राहतो.

लग्न जमवताना रक्तगट एकच असेल तर मूल सदोष होते, अशी भीती अनेकांना असते. तिला आधार नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास काळजी घ्यावी लागते, पण त्यासाठी इंजेक्शन उपलब्ध आहे. रक्तगटापेक्षा थॅलेसेमिया आणि सिकलसेलची वाहक तपासणी महत्त्वाची. त्यासाठी रक्ताची ‘एचपीएलसी’ तपासणी करतात. ती लग्नाआधी करावी, नात्याबाहेरच्या स्थळातही.

लग्न नात्यात आधीच झाले असेल तर घाबरून जाण्याचे कारण नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना नाते स्पष्ट सांगावे. घराण्यात लहानपणी दगावलेली, ऐकू न येणारी किंवा मतिमंद मुले असतील तर तेही लपवू नये. दोघेही वाहक निघाल्यास गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून करता येते. ती सोय मोठ्या शहरांत आहे. जन्मानंतर बाळाची श्रवणचाचणी करून घ्यावी, कारण बहिरेपणा पहिल्या काही महिन्यांत कळला तर श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट आणि वाचाउपचार यांचा उपयोग होतो. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याखाली जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या या पथकाला आईवडिलांच्या नात्याची माहिती मोकळेपणाने द्यावी.