पदराची उलटी बाजू

दिवाळी जवळ आली, की आमच्या घरात दरवर्षी एक खटला उभा राहतो. आरोपी ठरलेले: भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या फळीवरची माझी पुस्तके. फिर्यादी आमची सौभाग्यवती. पंच म्हणून रद्दीवाला तराजू घेऊन जिन्यात उभाच असतो.

"अहो, हे धोंडे यंदा तरी जागचे हलणार का? ना वाचायचे, ना उचलायचे! नुसती चित्रं बघायला माणसं एवढी पुस्तकं ठेवतात का घरात?"

तिचे अगदीच चुकते असे नाही. यातल्या एका ग्रंथाचे वजन मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर केले होते. ते साडेतीन किलो भरले. ही पुस्तके कथाकादंबऱ्यांची नव्हेत. भांडी, कापड, लाकूडकाम, नक्षी, खेळणी अशा हातांनी घडवलेल्या वस्तूंची ही सचित्र पुस्तके आहेत. अंथरुणात पडून ती वाचता येत नाहीत. टेबल रिकामे करावे लागते, हात धुऊन बसावे लागते. थोडक्यात म्हणजे सोवळ्यातलीच पुस्तके म्हणा ना!

हा नाद मला लागला तो मुंबईत, कचेरीच्या मधल्या सुटीत. मी विमा कंपनीत कारकून होतो. डबा दहा मिनिटांत उरकला, की उरलेला वेळ फाउंटनच्या फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत जायचा. तिथे एके दिवशी ओवेन जोन्स या इंग्रज वास्तुकाराच्या नक्षीकामावरच्या प्रसिद्ध ग्रंथाची एक नंतरची, लहान आकाराची आवृत्ती हाती लागली. पाठपुठ्ठा सुटलेला, दोन पाने गहाळ. पण उघडले मात्र, आणि पुन्हा कचेरीत जायला मला उशीर झाला!

मूळ ग्रंथ लंडनमध्ये १८५६ साली निघाला. त्यात मोठ्या आकाराची १०० रंगीत चित्रपाने होती. त्या काळी रंगीत छपाई दगडावरून होत असे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद तितक्या वेळा दाबाखालून काढायचा. एकदा जरी तो केसभर सरकला, तरी पान वाया! म्हणजे हस्तकलेवरचे ते पुस्तक स्वतःही एक हस्तकलाच होते. लंडनला १८५१ साली जे मोठे प्रदर्शन भरले, त्यातले हिंदुस्थानी काम पाहून जोन्स भारावला होता. नक्षी वस्तूच्या अंगातून उमलावी, वरून चिकटवलेली दिसू नये, अशा धर्तीचे ३७ नियम त्याने ग्रंथाच्या आरंभी घातले आणि आपल्याकडच्या कामाला आदराचे स्थान दिले. अडचण एवढीच, की नक्षी दिसते आणि वस्तू दिसत नाही. ही वेल हुक्क्यावरची की गालिच्यावरची, हे बारीक टाइपात शोधावे लागते.

दुसरे पुस्तक जॉर्ज बर्डवुड यांचे, हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवरचे, १८८० सालचे. बर्डवुडसाहेबांचा जन्म १८३२ साली आपल्या बेळगावचा. पेशाने डॉक्टर. भायखळ्याला १८७२ साली जे वस्तुसंग्रहालय उघडले, १९७५ पासून ज्याला आपण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो, त्याच्या उभारणीत भाऊ दाजींच्या बरोबरीने या गृहस्थांनी खपून काम केले. आपल्या गावोगावच्या कारागिरांवर त्यांनी भरभरून लिहिले. पण पुढे १९१० साली याच बर्डवुडांनी लंडनच्या सभेत जावातल्या एका बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगाशी केली, आणि हिंदुस्थानात ललितकला म्हणून काही नाहीच, असा निर्वाळा दिला! मोठा गदारोळ झाला, आणि हिंदी कलेचा कैवार घेणारी एक संस्था त्याच वर्षी लंडनमध्ये उभी राहिली. घड्यावर प्रेम करावे आणि घडवणाऱ्याला कलावंत म्हणू नये, हे कोडे मला त्या पुस्तकाने घातले.

तिसरा ग्रंथ माझ्या फळीवर नाही. तो पाहायचा तर मोठ्या ग्रंथालयात अर्ज करून बसावे लागते. जॉन ग्रिफिथ्स हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे गुरुजी. पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थी बरोबर घेऊन त्यांनी १८७२ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यापूर्वी मेजर गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या आगीत भस्म झाल्या होत्या. दैवदुर्विलास असा, की ग्रिफिथ्स यांच्याही बऱ्याच प्रतिकृती १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. तरी गुरुजींनी हाय खाल्ली नाही. १८९६–९७ साली त्यांनी दोन खंड काढले. त्यांतला दुसरा खंड सगळा नक्षीचा आहे: छतावरची कमळे, हंस, फळे, वेली. भिंतीवरचा रंग उडतो, कापडाला आग लागते, आणि कधी कधी मागे पुस्तक तेवढे उरते. पुस्तकांच्या बाजूने माझ्यापाशी याहून मोठा पुरावा नाही.

सगळी पुस्तके साहेबी थाटाचीच असतात असे मात्र नाही. रूडॉल्फ फॉन लायडन हे जर्मन गृहस्थ मुंबईत राहून कलासमीक्षा करीत. गंजिफावर त्यांचा ग्रंथ १९८२ साली निघाला. दशावतारी गंजिफाची १२० गोल पाने, दर अवताराची बारा: एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. तो ग्रंथ चाळताना मला आमच्या सावंतवाडीच्या मावशीचे घर आठवले. तिथल्या राजवाड्यात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरापाशी बसून ही कला शिकून घेतली नसती, तर तीही पुस्तकापुरतीच राहिली असती.

आता मूळ गोष्ट सांगतो. ती सांगायला मला बरीच वर्षे लागली.

सन १९७२. दुष्काळाचे वर्ष. वडील निवृत्त झालेले, धाकट्या बहिणीची कॉलेजची फी भरायची होती, आणि माझी नोकरी नुकतीच लागलेली. गिरगावातल्या आमच्या चाळीत तेव्हा "जुनी जरऽऽ" अशी हाळी देत माणसे फिरत. आईच्या ट्रंकेत तिच्या सासूची नऊवारी पैठणी होती. घडीवर चिरलेली, नेसण्याजोगी न राहिलेली. जुन्या जरीत चांदी असे, वर सोन्याचा मुलामा. घेणारे लोक पदर आणि काठ जाळून धातू वेगळा काढीत.

ही गोष्ट मीच काढली. "नुसती पडून तर आहे," मी म्हणालो.

आई काही बोलली नाही. तिने कात्री आणली, पदराच्या कोपऱ्यातून वीतभर तुकडा कापून घेतला आणि बाकीची पैठणी माझ्या हातात दिली. तुकड्यामुळे वजन कमी भरते म्हणून तो माणूस कुरकुरला. मला एकशे ऐंशी रुपये मिळाले. फी भरली गेली, बहीण शिकली. त्या व्यवहाराला चूक म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही. पण त्या दिवशी मी काय विकून आलो, हे मला ठाऊक नव्हते, एवढे मात्र खरे.

ते कळले १९८६ साली. वस्त्रांवरचा एक जाडजूड सचित्र ग्रंथ मी हप्त्याने घेतला होता. रात्री टेबलावर चाळताना पान उलटले, आणि समोर पैठणीचा अख्खा पदर! सोनेरी जमीन, वर रंगीत रेशमाचे पक्षी आणि वेली. खाली इंग्रजीत एवढेच: पक्षी व फुले असलेला पदर, दख्खन. मी आईला हाक मारली. तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. चष्मा लावून तिने पान बराच वेळ पाहिले, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली,

"गुळगुळीत आहे रे."

मग तिने ते पान उचलून उलटे केले. मागे गालिच्यांवरचा मजकूर होता.

"याची पाठ कुठे आहे? पैठणी बघायची, ती पदर उलटून बघायची असते."

मी हसलो. पण ती हसत नव्हती. आईचे आजोळ येवल्याचे, लहानपणी तिने माग जवळून पाहिलेले. तिने सांगितले ते असे. पदर विणताना दर रंगाच्या रेशमाच्या लहान लहान कांड्या असतात. जिथे एक रंग संपतो आणि दुसरा सुरू होतो, तिथे विणकर दोन्ही धागे एकमेकांत अडकवून मागे फिरवतो. त्यामुळे मागे लोंबते धागे राहत नाहीत, आणि पदर सुलट तसाच उलट दिसतो. यंत्रावरच्या नकलेची पाठ धाग्यांनी भरलेली असते. ती एका नजरेत ओळखू येते.

मग ती उठली. पोथीच्या बासनातून तिने तो वीतभर तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी तो उलटला. मागेही तोच पक्षी, तीच लाल चोच.

"ही मुनिया," ती म्हणाली. "नुसता पक्षी काय म्हणतात! आणि ही चित्रातली वेल आसावली. हा काठ नारळी."

मी पेन्सिल घेतली आणि ग्रंथाच्या समासात एकेक नाव लिहीत गेलो. चौदा वर्षांपूर्वीच्या व्यवहाराबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मीही बोललो नाही. आई १९९४ साली गेली. समासातली पेन्सिल अजून वाचता येते.

तेव्हापासून असले पुस्तक हाती आले, की मी ते आईच्या पद्धतीने पाहतो. वाचकांनीही पाहावे. चित्र सुंदर आहे का, हे नंतर. आधी पाहावे, वस्तूचे माप दिले आहे का. कारण छायाचित्रात सुपारीची डबी आणि धान्याची कोठी सारखीच दिसते. दुसरे, पाठ किंवा तळ कुठे दाखवला आहे का. भांड्याचा डाग, लाकडाचा सांधा, कशिद्याची गाठ या सगळ्या गोष्टी मागच्या अंगाला असतात. तिसरे, हात आणि हत्यार दिसते का. कवी किपलिंगचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली जे. जे. कलाशाळेत शिकवायला आले. १८७० साली त्यांनी उत्तर हिंदुस्थानातल्या कारागिरांची चित्रे काढली, ती कामावर बसलेल्या माणसांची आहेत. दहा सोनेरी छायाचित्रांपेक्षा त्यातले एक चित्र जास्त शिकवते. आणि शेवटचे, नाव. वस्तूचे तिच्या गावातले नाव, आणि करणाऱ्याचेही. राजाचे नाव बहुधा असते, संग्राहकाचे तर हमखास. विणकराच्या जागी मात्र पुष्कळदा नुसते गाव छापलेले असते.

हे सारे महागड्या ग्रंथांनाच लागू आहे असे नाही. ठिपक्यांच्या रांगोळीची चार आण्यांची पुस्तके आपण सर्वांनी पाहिली आहेत. आमच्या बहिणीच्या पुस्तकाला हळदीचे डाग होते, आणि "अकरा ते सहा" या ठिपक्यांपुढे तिच्या अक्षरात लिहिले होते, "मधली ओळ जरा सैल ठेवावी, नाहीतर कमळ दबते." ते वाक्य छापणाऱ्याला ठाऊक नव्हते. ते उंबऱ्यापाशी वाकलेल्या बोटांना ठाऊक होते.

यंदाच्या खटल्यात माझ्या बाजूने एक साक्षीदार आयता मिळाला. नात सुटीला आली आहे. जोन्सचा अख्खा ग्रंथ तिने मला फोनवर उघडून दाखवला, गहाळ झालेल्या दोन पानांसकट! मी थक्क झालो. बोटांनी पान मोठे करता येते, रंग ताजे दिसतात. मग मी वस्त्रांचा ग्रंथ काढला, पैठणीचे पान उघडले आणि शेजारी तो तुकडा ठेवला. पोरीने आधी समास वाचला. मग कोणी न सांगता तुकडा उचलला आणि उलटून पाहिला.

"आजोबा, दोन्हीकडे सारखंच आहे!"

आमची सौभाग्यवती दारात हात पुसत उभी होती. ती आत आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "माझ्या आईकडे त्या काठाला दुसरं काहीतरी म्हणत. थांब, आठवते."

दिवाळीत तुमच्याकडेही ट्रंका उघडतील. बोहारणीला द्यायच्या कपड्यांचे गाठोडे निघेल, भाऊबीजेला चार पिढ्या एका खोलीत जमतील. कुणाकडून तरी असले एखादे पुस्तक मागून आणा, घरातल्या सर्वांत वृद्ध बाईच्या मांडीवर उघडून ठेवा, आणि हाती पेन्सिल घेऊन बसा. चित्रे छापणाऱ्याने छापली आहेत. नावे अजून लिहायची आहेत, आणि ती सांगणारे माणूस दर दिवाळीला असेलच, असे नाही.

आमच्या खटल्याचा निकाल लागला आहे. रद्दीवाल्याला वर्तमानपत्रे दिली. पुस्तके पुन्हा खालच्या फळीवर गेली. फक्त वस्त्रांचा तो ग्रंथ अजून टेबलावरच आहे. सौ.ला नाव आठवायचे आहे, आणि पेन्सिल पोरीने टोक करून ठेवली आहे.