‘माय बाबू’ : कूळ आणि कर्तृत्व

आपल्याकडील शेतकरी बैल घेताना त्याचे कूळ विचारतो. परंतु त्याची चाल पाहिल्यावाचून सौदा करीत नाही. शर्यतीच्या घोड्यांच्या जगात मात्र एके काळी कुळाच्या नोंदीलाच सर्वस्व मानले जाई.

‘थरोब्रेड’ जातीच्या घोड्यांची इंग्लंडात एक वंशावळीची वही असते. ज्याचे सर्व पूर्वज त्या वहीत सापडत नाहीत, त्याला तीत स्थान नाही, असा नियम १९१३ मध्ये झाला. त्यामुळे अमेरिकन रक्ताचा अंश असलेले अनेक उत्तम घोडे ‘अर्धजातिवंत’ ठरले.

बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांचा ‘माय बाबू’ हा त्यांपैकीच एक. त्याचा जन्म १९४५ मध्ये फ्रान्समध्ये झाला. १९४८ मध्ये न्यूमार्केट येथील ‘टू थाउजंड गिनीज’ ही एक मैलाची मानाची शर्यत त्याने जिंकली. दीड मैलाच्या डर्बीत तो मागे पडला. त्याचे सामर्थ्य वेगात होते. त्याच वर्षी ‘ब्लॅक टार्क्विन’ या दुसऱ्या ‘अर्धजातिवंत’ घोड्याने सेंट लेजर जिंकली. अखेर १९४९ मध्ये तो नियम मागे घेण्यात आला.

पैदाशीतही ‘माय बाबू’ यशस्वी ठरला. १९५५ मध्ये त्याचा पुत्र ‘अवर बाबू’ याने पित्याचीच शर्यत जिंकली. पुढे त्याला अमेरिकेत नेण्यात आले. १९६७ मध्ये तेथील सर्वश्रेष्ठ घोडा ठरलेला ‘डमॅस्कस’ हा त्याच्या कन्येचा पुत्र होय.

वहीने ज्याला परका मानले, त्याच्याच रक्ताने पुढील वंशावळी समृद्ध झाल्या. कुळाची नोंद उपयोगी खरी. परंतु निर्णय कर्तृत्वाचाच असतो.